‘उद्या’ला खूण नाही

चुडावा, ता. ४ डिसेंबर १९३९

ती. सौ. सिद्धम्माअक्कास, धाकट्या महालिंगाचा शि. सा. न. वि. वि.

दाजींचं ऑपरेशन पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला.

तुझ्या मुक्या लेकीनं, चन्नीनं, आम्हाला शाळेत बसवलंय. अंगठा तोंडाशी नेला की पाणी, तळव्यावर तळवा थापला की भाकर, कपाळावर तीन बोटं ओढली की विभूतीवाला मामा, म्हणजे मी. नाकात चमकी असते तिथं बोट टेकलं की तू. तुझी भावजय महानंदा चार दिवसांत शिकली, मी ढ. परवा चन्नीनं भाकर मागितली आणि मी कौतुकानं टाळ्या वाजवल्या!

पण पोर दिवसभर नाकाला बोट लावते. म्हणून तिला स्टेशनावर नेलं, हैद्राबादची गाडी दाखवली आणि आई हिच्यातून येणार, असं हातांनी सांगितलं. आता ती रोज गाडीला जाते. ऐकू येत नाही, म्हणून रुळावर तळहात ठेवून थरथर बघते. काल रुळांचे सांधे बदलणाऱ्या सटवाजीनं उचलून आणली. पोरगी रुळालाच हात लावून बसायलीय, कोंडून घाला, म्हणाला. कोंडवत नाही गं. ‘आज नाही, उद्या’ कसं सांगायचं, ते लवकर कळव. लोभ आहेच, तो वाढव.

महालिंग

हैद्राबाद, ता. ७ डिसेंबर

चि. महालिंगास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचल्यापासून पाय एका जागी ठरत नाहीत. उद्याला खूणच नाही रे. सहा वर्षांत तिला सोडून मी एक दिवस कुठं गेले नाही, मग ती खूण लागणार कशाला? इकडे यांच्या टाक्यांत पू झालाय. डॉक्टर अजून महिना म्हणतात, आणि जवळ दुसरं कोणी नाही. ‘नाही’ला आम्ही पंजा हलवतो, तेवढं करून बघ. रुळाकडे जाऊ देऊ नकोस, हात जोडते. माया असू दे तिच्यावर.

सिद्धम्मा

चुडावा, ता. १५ डिसेंबर

ती. सौ. अक्कास शि. सा. न.

रोज तुझी खूण करून पंजा हलवला. चौथ्या दिवसापासून पोर स्टेशनाकडे फिरकली नाही. मी मूर्ख, खूश झालो. काल महानंदाच्या ध्यानात आलं की तिनं तुझी खूणच सोडलीय. मी केली तर माझा हात खाली ओढते. पाणी मागते, भाकर मागते, तुला मागत नाही. मी सांगत होतो आज नाही. तिला एवढंच कळलं की आई नाही. मला माफ कर. सोमवारी मी तिकडे येतो. दाजींना मी बघतो, तू इकडे ये. राग धरू नकोस.

महालिंग

हैद्राबाद, ता. १८ डिसेंबर

चि. सौ. महानंदास आशीर्वाद.

महालिंग आज पोचला. यांनीच मला निघायला लावलं. गुरुवारच्या गाडीनं येते. चन्नीला स्टेशनावर आणू नकोस, काही सांगूही नकोस. मी घरी येईन आणि तिच्यासमोर बसेन. तिनं पाठ फिरवली तर तिला बोलू नकोस. जेवायलाही उठवू नकोस मला. ती नाकाला बोट लावेपर्यंत मी हलायची नाही. फार भीती वाटते गं.

तुझा लोभ आहेच. तिचा राहिलाय का, ते येऊन बघते.

सिद्धम्मा