लाखेचं बियाणं

बाबा, मागच्या महिन्यात तुझ्या लाखेच्या कारखान्यात गेले होते. निघाले होते रायपूरला कामासाठी. कुडव्याला चहा प्यायला थांबले, पलीकडून त्या शेडचं पत्र्याचं छप्पर दिसलं, आणि पाय तिकडे वळले. रायपूर राहून गेलं. माझं असंच असतं.

शेडपाशी लहानपणचं दिसलं: तू भट्टीपुढे उभा आहेस. गरम लाखेची पोळी दोन्ही हातांत, खालची कड पायाच्या बोटांत, वरची दातांत धरून तू ती ओढतोस. पोळी कागदासारखी पातळ होत जाते, आणि तिच्यातून तुझं तोंड मधाच्या रंगाचं दिसतं. मी डबा घेऊन आले आहे. "काऊन पाहून राहिली? हे सारं परदेशात जाते. तिथली पोरं गोळ्या चाटतात ना, त्यावरची चमक तुह्या बापाच्या दातातली हाय." शाळेत मी हे सगळ्यांना सांगत फिरले. कोणी मानलं नाही.

आता तिथं तुझ्या जोडीचा काका तेवढा उरलाय. भट्टी थंड. "तुह्या बापानं बरं केलं, लवकर गेला," म्हणाला, मग स्वतःच ओशाळला आणि मला स्टूल पुसून दिलं.

आपला माल घेणाऱ्या देशानं मध्यंतरी कर चढवला, तसं गिऱ्हाईक तुटलं. आता दोन्ही सरकारांचा नवा करार झालाय, कर माफ. पण अट अशी की लाख इथल्याच झाडांवरची पाहिजे. कारखाना तर कधीपासून बाहेरदेशची कच्ची लाख आणून वितळवत होता. कारण भाव चढला त्या साली जंगलपट्ट्यातल्या लोकांनी पळसावरची सगळी लाख खरवडून विकली. ज्यांच्यावरून लाखेचा किडा दुसऱ्या झाडावर जातो, त्या बियाण्याच्या फांद्यासुद्धा.

"मालक म्हणते, उन्हाळ्यात इथली लाख दाखवा, नाही तं शेड गोदामाले देतो," काका म्हणाला. "मी या वयात कोठी जाऊ?"

मला आपल्या जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडची एक आजी आठवली. तिकडच्या यात्रेत बांगड्या विकत होते, तेव्हा तिच्या दारी पाणी प्यायले होते, आणि मागच्या पळसावर लाख पाहिली होती. काकाच्या गाडीवर दोघं गेलो. आजीनं आधी झापलं. "तवा तं सारे म्हणत, बुढी येडी हाय, भाव असून फांद्या सोडते." मग नातवाला झाडावर चढवून बियाण्याच्या काड्या तोडायला लावल्या. काकानं खिशात हात घातला तशी ती म्हणाली, "बियाणं इकत नसतात. पीक आलं का एवढंच वापस आणून द्या." आणि माझ्याकडे बोट केलं, "हिनं आणायचं."

सौंदडला काकाच्या शेताच्या धुऱ्यावरच्या पळसांना आम्ही त्या काड्या बांधल्या. "ढिल्ली बांधून राहिली. बापाची पोरगी ना तू?" काका करवादला. मी परत सोडून बांधली. आता किडा बाहेर पडलाय, डहाळ्या लालसर दिसतात. लाख धरेल की नाही, ते उन्हाळ्यातच कळेल.

म्हणजे तोवर इथं राहणं आलं. एवढं मी तू गेल्यापासून कुठंच राहिले नाही. हा कागद कोणाला द्यायचा नाही, म्हणून तुला सांगते. काल पिशवी घेऊन स्टेशनवर जाऊन बसले होते. रायपूरची गाडी आली, गेली. काकानं विचारलं, तर म्हटलं, बाजारात गेले होते.