हिरव्या दोऱ्याचा चमचा

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा आता कुरकुरत नाही, बाबा मात्र कुरकुरतात. तुझ्या खोलीत मी शिलाई मशीन ठेवलंय, रागावू नकोस.

काल तुझ्या पद्धतीने साल्सा केला. टोमॅटो, कांदा, मिरच्या तव्यावर काळ्या होईपर्यंत भाजल्या, सालासकट भरडल्या, वरून लिंबू पिळलं. बाबांनी दोनदा घेतला आणि वर म्हणाले, "मोठीच्या हाताची सर नाही." मग म्हणाले, "ती आता साधा कांदासुद्धा चिरत नाही. स्वतःच्या हातांचा भरवसा नाही म्हणते."

ताई, तुझ्या हातांनी काही केलं नव्हतं.

आपण दोघी खाण्याच्या ऑर्डरी घ्यायचो तेव्हाची गोष्ट. त्या ऑफिसच्या पार्टीला चिप्स बुडवून खायचे आपले चार बाऊल होते. अ‍ॅव्होकॅडोचं डिप, राजम्याचं, मक्याचं आणि शेंगदाणे घातलेला लाल मिरच्यांचा साल्सा. एका बाऊलचा चमचा दुसऱ्यात जायचा नाही, म्हणून तू चमच्यांना रंगीत दोरे बांधायचीस. "चमच्यांना काय शाळेत घालायचंय?" म्हणून मी तुझी टिंगल करायचे.

तू गाडीतून चिप्स आणायला गेलीस. अ‍ॅव्होकॅडोचं डिप कडेने काळपट दिसायला लागलं होतं. त्यात लिंबू पिळलं, पण ढवळायला त्याचा हिरव्या दोऱ्याचा चमचा सापडेना. लोक तर दारात आलेले. मी शेंगदाण्याच्या साल्सातला लाल दोऱ्याचा चमचा उचलला, कागदी रुमालाने पुसला आणि ढवळलं. पुसलाय की, असं मनाशी म्हटलं.

तिथल्या साहेबांच्या मुलीला शेंगदाणा चालत नव्हता, तिने फक्त अ‍ॅव्होकॅडोचं डिप खाल्लं होतं. कशात शेंगदाणे आहेत ते तिच्या आईने तुला आधीच विचारून घेतलं होतं. पोरीचे ओठ सुजले, श्वास घेता येईना, तेव्हा तिला उचलून दवाखान्यात धावलीस तूच. वाचली म्हणून ठीक. नंतर सगळ्यांसमोर तू मला विचारलंस, "तू काही केलंस का गं?"

"मी नाही गं," म्हणाले मी.

"मग माझ्याकडूनच झालं असणार," असं म्हणून तू हात जोडलेस. मी शेजारी उभी राहून ट्रे पुसत होते. तू काम बंद केलंस, गाव सोडलंस, कापडाच्या दुकानात नोकरी धरलीस. दोन वर्षं मी तुला हवापाण्याची पत्रं लिहिली. लाज वाटते मला.

आज सकाळी त्या मुलीच्या आईकडे जाऊन सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण आत ये म्हणाली नाही. मुलगी मागे सायकल पुसत होती. बरीच उंच झालीये.

हिरव्या दोऱ्याचा चमचा त्याच दिवशी घरी आल्यावर सापडला होता. माझ्याच ॲप्रनच्या खिशात होता. तो मी साड्यांखाली लपवला. या पत्रासोबत पाठवते आहे.

माफ कर म्हणायचं तोंड नाही मला. मला पत्र लिहू नकोस हवं तर. पण ताई, उद्या एक कांदा चीर.

"मी नाही गं" म्हणालेली,
तुझी धाकटी