नऊ-एकोणचाळीस

॥ श्री ॥
पाणीगेट, बडोदे
ता. १ नोव्हेंबर १९९३

प्रिय मित्र जनार्दनपंत यांस,
दत्ताजीरावाचा स. न. वि. वि.

रेल्वेच्या नोकरीतून सुटून तुम्ही मिरजेला गेलात त्याला नऊ वर्षे झाली. एवढ्या काळात मी तुमच्याकडे तिकडच्या तंबाखूपलीकडे काही मागितले नाही. आज मागतो आहे. तुमच्या पलंगाखालच्या ट्रंकेत फोर्डच्या मागच्या एक्सलच्या दाताळ्या चक्रांच्या दोन जोड्या आहेत, लष्कराच्या लिलावात आपण मिळून घेतलेल्या. एक नऊ-चौतीस दातांची, दुसरी नऊ-एकोणचाळीस. मला एकोणचाळीस हवी.

जानेवारीच्या तेवीस तारखेला पादऱ्याकडच्या सरळ रस्त्यावर जुन्या मोटारींच्या मंडळाची पाव मैलाची शर्यत आहे. अट नेहमीचीच, की गाडी घरून स्वतःच्या चाकांवर यायची, स्वतःच्या चाकांवर परत जायची आणि आतल्या गाद्या जागच्या जागी हव्यात. ट्रकवर चढवून आणलेली नवरी चालत नाही. हिंमतराव त्यांची शेवरोलेट घेऊन येणार.

ब्याण्णवच्या जानेवारीत याच हिंमतरावांनी आमच्या रणवीरला तीन गाड्यांच्या अंतराने मागे टाकले. पोरगा आधी महिनाभर म्हणत होता की आबा, मामांकडची एकोणचाळीस बसवू. मी म्हणालो, माझ्या वडिलांच्या वेळची चौतीसची जोडी निघणार नाही, एकोणचाळीस घातली तर करजणला जाईपर्यंत इंजिन ओरडत राहील. त्याने चौतीसवरच गाडी पळवली. हरला, आणि हरल्यावरही मला बोल लावला नाही. जुलैत त्याला कावीळ झाली आणि एकवीस दिवसांत तो गेला. पंत, मुलाने माझ्याकडे आयुष्यात एकच वस्तू हट्टाने मागितली आणि ती तुमच्या पलंगाखाली पडून आहे. मला झोप लागत नाही.

अक्षर मोठे आले आहे, त्याला हसू नये. चष्मा दुरुस्तीला टाकला आहे. लोभ आहे तो तेलपाणी करून चालता ठेवावा.

आपला,
दत्ताजीराव


॥ श्री ॥
पाणीगेट, बडोदे
ता. ४ नोव्हेंबर १९९३

ती. जनार्दनदादा यांस,
येसूचा शि. सा. न. वि. वि.

ह्यांचे पत्र मीच पोस्टात टाकले, त्यामुळे आत काय आहे ते ठाऊक आहे. दादा, चष्मा दुरुस्तीला टाकलेला नाही. तो नाकावरच असतो, डोळ्यांतच काही उरलेले नाही. काचबिंदू आहे. समोरचे रुपयाएवढे दिसते, बाजूचे काहीच नाही. परवा चहा बशीच्या बाहेर ओतला आणि वर बशीलाच नावे ठेवली. डॉक्टरांनी मला बाहेर बसवून ह्यांना सांगितले, पण दार उघडे होते. मोडुं थयुं, काका, असे ते म्हणाले. फार उशीर झाला. वर्षाअखेर हेही जाईल. घरी येऊन ह्यांनी मला सांगितले की डोळ्यांत थोडी उष्णता आहे.

असा माणूस फोर्ड पळवायला निघाला आहे. मी भांडले, पाया पडले, दोन दिवस जेवले नाही. मग ह्यांनीही जेवण सोडले, तेव्हा मलाच हार खाऊन जेवावे लागले.

एकोणचाळीस म्हणजे काय ते मला कळते. रणवीर अंगणात सायकल उलटी करून दाखवायचा. मागचे चक्र जास्त दातांचे असले की पेडल हलके जाते आणि सायकल चटकन सुटते, कमी दातांचे असले की निघायला जड. त्याला चटकन सुटायचे होते. सुटला बिचारा. ह्यांना मी सुटू देणार नाही. मुलगा गेला, आता माझ्यापाशी एवढाच माणूस आहे.

पंधरा तारखेला भाऊबीज. मी तुमच्या पाठची नाही, पण शेजारी राहायला आलात तेव्हापासून तुम्हालाच ओवाळत आले. दर वर्षी साडी पाठवता, यंदा साडी नको. ओवाळणीत एवढेच घाला की ती जोडी पाठवू नका. काय वाटेल ते कारण सांगा. ओवाळणीला भाऊ नाही म्हणत नाही.

नयनावहिनींस नमस्कार. बहिणीवरची माया आता कामाला लावा.

तुमची,
येसू


॥ श्री ॥
मिरज
ता. २० नोव्हेंबर १९९३

प्रिय मित्र दत्ताजीराव यांस,
जनार्दनाचा स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला हात धजत नव्हता. गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या खोलीत पाणी शिरले. ट्रंक तिथेच होती. उघडून पाहतो तो दोन्ही जोड्या गंजून गेलेल्या. दात हाताला लागतात तेवढेच, भार सोसायचे नाहीत. वाईट वाटून घेऊ नये.

आपली फोर्ड छप्पन्न वर्षांची, आपण त्रेसष्टांचे. दोघांनी आता उन्हात बसावे आणि हिंमतरावांना एकट्याने धुरळा खाऊ द्यावा. रणवीर आपल्यावर कधी रागावला नव्हता, हे मी खात्रीने सांगतो. तो माझ्याशी आपल्याबद्दल बोलत असे.

सौ. नयनाचे संधिवाताचे तेच चालू आहे. येसूताईस आशीर्वाद. मैत्री आहे ती तेवढीच जपावी, गाडीपायी तिला ओरखडा नको.

आपला,
जनार्दन


॥ श्री ॥
पाणीगेट, बडोदे
ता. १० डिसेंबर १९९३

जनार्दनपंत यांस,
स. न. वि. वि.

तुमचे पत्र येसूने वाचून दाखवले. गंज या शब्दापाशी तिचा आवाज हलला. तुम्ही दोघांनी काय ठरवले आहे ते मी विचारत नाही.

पण पंत, खोटे बोलायचे तर स्वतःच्या स्वभावाला धरून तरी बोलावे. जो माणूस दसऱ्याला छत्रीच्या काड्यांनाही तेल देतो, त्याच्या ट्रंकेत चक्रे गंजणार? तुम्ही ती ग्रीस थापून मेणकापडात बांधली होती, वर ज्यूटची दोरी, तिला तुमची ती रेल्वेची गाठ. मी शेजारी बसून होतो. पाणी खोलीभर झाले तरी आत जाणार नाही.

जुनी जोडी मी काढली आहे. गाडीचा मागचा भाग उघडा पडला आहे, पोट फाडून टेबलावर ठेवलेल्या माणसासारखा. चौतीस परत घालायची नाही. एकोणचाळीस मिळाली नाही तर मी शर्यतीला जाणार नाही, कारण हिंमतरावांना हरवण्याचे मला काही पडलेले नाही. पोरगा म्हणत होता ते बरोबर होते का, एवढेच पायाखाली कळायला हवे. बरोबर होते तर त्याच्या फोटोसमोर उभे राहून तसे सांगता येईल. आज त्या भिंतीकडे मी तोंड करत नाही. आणि पुढच्या वर्षी केले तरी उपयोग नाही, कारण का ते तुम्हाला येसूने कळवलेच असेल.

अठ्ठावीस तारखेला मी निघतो. मुंबईला एकट्याने गाडी बदलून मिरजेला येतो. पोचलो तर जोडी द्या, नाही पोचलो तर प्रश्न मिटला. रागावलो आहे, पण लोभ तुटलेला नाही. तो तुटला असता तर एवढे लिहिले नसते.

दत्ताजीराव


॥ श्री ॥
मिरज
ता. २२ डिसेंबर १९९३

चि. सौ. येसूताईस,
जनार्दनदादाचे अनेक आशीर्वाद.

दत्ताजीरावांना आज तार केली आहे की येऊ नका, जोडी पाठवतो. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. बाई, मी हरलो. त्या डोळ्यांनी ते मुंबईच्या फलाटावर एकटे उभे आहेत, हे चित्र मला सोसेना. रेल्वेत जन्म घालवला, फलाटावर काय काय होते ते मी पाहिले आहे. तुझी ओवाळणी मोडली. पुढच्या जन्मी फेडीन म्हणायचे, पण या जन्मीचेच तोंड कसे दाखवू ते कळत नाही.

ट्रंक उघडली आणि मेणकापड सोडले. आत एक चिठ्ठी निघाली. ती मी वाचली आणि होती तिथे ठेवून दिली. तूही वाच.

आता नीट ऐक. जोडी एकोणचाळीसचीच आहे. पण दात मोजायला ते तुलाच बसवतील, त्यांना दुसरे कोण आहे? तू चौतीस म्हणालीस तर ते परत पाठवतील. मी लगेच लिहीन की म्हाताऱ्याची चूक झाली, जोड्या बदलल्या. तोवर तेवीस तारीख उलटून जाईल. तू एकोणचाळीस म्हणालीस तर मग जे होईल ते. भित्रा भाऊ आहे, म्हणून हे तुझ्या पदरात टाकतो आहे. काहीही म्हणालीस तरी मी तुझ्याच बाजूचा.

या भावावर रागाव, पण त्याला टाकू नकोस.

जनार्दन


॥ श्री ॥
पाणीगेट, बडोदे
ता. २ जानेवारी १९९४

ती. जनार्दनदादा यांस,
येसूचा शि. सा. न. वि. वि.

पार्सल गुरुवारी सकाळी आले. मी भाजी आणायला गेले होते. परत आले तर हे अंगणात पाटावर चक्र ठेवून, हात पुसत माझी वाट पाहत बसले होते. म्हणाले, येसू, मोज.

मी पक्के ठरवले होते, चौतीस म्हणायचे. एका दाताला हळदीचे बोट लावले आणि तिथून मोजत गेले. चौतिसाव्यापाशी थांबले. तिथे गप्प बसले असते तर संपले होते. मेणकापडाखालची चिठ्ठी ह्यांच्या गुडघ्यापाशी पडली होती, ह्यांना ती दिसत नव्हती. मी उचलली. रणवीर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सुट्टीत तुमच्याकडे आला होता, तेव्हाची. लिहिले होते, नऊ-एकोणचाळीस, मामा, ही कुणाला देऊ नका, आबा एक दिवस हो म्हणतील.

दादा, माझी जीभ रेटेना. मी पुढचे पाच मोजले आणि एकोणचाळीस म्हटले. मग चिठ्ठी वाचून दाखवली. हे तिथेच पाटाशेजारी आडवे झाले आणि लहान मुलासारखे रडले. मुलगा गेला तेव्हाही असे रडले नव्हते.

आता रोज दोघे गाडीखाली असतो. हे बोटांनी जोडी बसवतात, दातांना शेंदूर फासून फिरवतात आणि शेंदराची खूण दाताच्या मधोमध उमटली का ते मी पाहून सांगते. साठीला टेकलेली बाई, नऊवारी ग्रीसने माखलेली, गल्लीतल्या बायका बघून जातात. मी एकच अट घातली आहे. गाद्या जागच्या जागी हव्यात असा मंडळाचा नियम आहे ना, तर शेजारच्या गादीवर मी बसणार. गेलो तर दोघे जाऊ. हे पहिल्यांदाच वाद न घालता हो म्हणाले.

मला फार भीती वाटते. तुमच्या गणपतीला माझे नाव सांगा. रागावलेली नाही, टाकणार तर मुळीच नाही.

येसू


॥ श्री ॥
पाणीगेट, बडोदे
ता. २५ जानेवारी १९९४

प्रिय मित्र जनार्दनपंत यांस,
दत्ताजीरावाचा स. न. वि. वि.

अक्षर येसूचे आहे, मजकूर माझा. संक्रांतीनंतर समोरचा रुपयाही चार आण्याएवढा झाला, म्हणून यापुढे असेच.

आधी एक कबुली. पार्सल आले तेव्हा येसू बाजारात होती. ती येण्यापूर्वीच मी अंगठ्याने दात मोजले होते. दोनदा. जोडी कुठली ते मला ठाऊक होते. तरी तिला मोजायला सांगितले. ती चौतीस म्हणाली असती तर मी काही न बोलता पार्सल बांधून तुम्हाला परत केले असते आणि पुन्हा विषय काढला नसता. मुलगा तिचाही होता, हे मी दीड वर्ष विसरलो होतो. तिने एकोणचाळीस म्हटले. ती लिहिता लिहिता थांबली आहे. थांबू दे.

शर्यत झाली. आठच्या सुमारास ऊन कोवळे होते. निशाण मला दिसले नाही, येसूने गुडघ्यावर थाप मारली तेव्हा सोडले. पंत, गाडी माझ्या पायाखालून निघाली. चौतीसवर ती म्हशीसारखी उठायची, ही उठलीच नाही, एकदम निघाली. इंजिन ओरडत होते, करजणच्या रस्त्याला मी ज्याला भ्यालो होतो तेच ओरडणे. पोरगा बरोबर होता. येसू सारखी डावे, उजवे, सरळ, सरळ सांगत होती आणि मी ऐकत होतो. लग्नाला सदतीस वर्षे झाली, एवढे तिचे कधी ऐकले नसेल.

संपले हेही तिनेच सांगितले. बाजूचे मला दिसत नाही आणि दोन इंजिनांच्या आवाजात काही कळत नव्हते, म्हणून हिंमतराव कुठे आहेत असे विचारले. ती म्हणाली, मागे. मंडळाची माणसे जवळ येऊन बोलू लागली, तर मी बॉनेट उघडून त्यात डोके घातले. दात मी अंगठ्याने तपासले होते. हे तपासले नाही.

घरी हळूहळू आलो. किल्ली येसूच्या कमरेच्या जुडग्यात अडकवली, आता मी चालवणार नाही. मग भिंतीपुढे उभा राहिलो आणि त्याला जे सांगायचे होते ते सांगितले. तंबाखू संपला आहे. लोभ सरला नसेल तर थोडा पाठवावा, दोन्ही.

दादा, इथून खाली माझे. हिंमतराव एका गाडीने पुढे होते. रणवीर तीन गाड्यांनी हरला होता, म्हणजे दोन गाड्यांची भर पडली ती माझ्या पोराची. दात मोजताना मला खोटे बोलवले नाही, आणि त्या दिवशी खरे बोलवले नाही. हिंमतरावांनी माझे बोलणे ऐकले असावे. माझ्याकडे पाहून त्यांनी नुसती मान हलवली आणि परतताना पाणीगेटपर्यंत आपली गाडी आमच्या मागे ठेवली. हे ह्यांना वाचून दाखवणार नाही. आता सही घेते.

दत्ताजीराव

ता. क. सहीला कागद दिला तर ह्यांनी बॉलपेनच्या उमटलेल्या ओळींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, मी सांगितले त्याच्याखाली बरेच काही आहे. मी म्हटले, दादांना उरलेल्या तिळगुळाचा निरोप लिहिला. ह्यांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. मोठा निरोप आहे म्हणाले, आणि सही केली.

येसू