पेजेतला काजूगर

विजयदुर्ग, ८ जुलै २०२४

चि. गुरुदास यास ताईचे अ. उ. आ.

माझं कानाचं यंत्र आलं. तीस वर्षांनी आमच्या ह्यांचं घोरणं ऐकलं आणि हबकलेच. अनिशच्या बाळंतपणातल्या तापाने कान गेले, त्यामुळे त्याचं बोबडं बोलणंही कधी ऐकलं नाही. आता श्रावणात सूनबाई दिव्या बाळंत होईल. नातवंडाचा पहिला टाहो तरी मला ऐकायचाय.

दुकानदार म्हणतो, वर्षाच्या वॉरंटीत फक्त कारखान्याचा दोष धरतात. भिजलं, फुटलं तर जादा वॉरंटी हवी, आणि ती महिनाअखेरपर्यंतच मिळेल. तू फ्रीजच्या कंपनीत जन्म काढलास. घेऊ की नको, कळव.

तुझी ताई

ठाणे, १५ जुलै

ती. स्व. नर्मदाताईस सा. न. वि. वि.

मुळीच घेऊ नकोस. वीस वर्षं मीच ते कागद लोकांच्या गळ्यात मारले. जे कधी घडत नाही ते पुढच्या पानावर ठळक, जे घडतं ते मागे बारीक अक्षरांत वगळलेलं. तुमच्याकडची दमट हवा तेवढी सांभाळ. रात्री सेल काढून यंत्र तांदळाच्या डब्यात खुपसून ठेव, ओल शोषली जाईल. मंगेशभावजींना नमस्कार.

तुझा गुरुदास

विजयदुर्ग, २ ऑगस्ट

चि. गुरुदास, आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे यंत्र उकड्या तांदळात ठेवत होते. दिव्याला सांगायचं राहिलं, आणि काल मी उठायच्या आत तिने त्याच डब्यातले तांदूळ पेजेला घेतले. चांगलं रटरटून ते ह्यांच्या वाडग्यात आलं. ह्यांना वाटलं, सुनेने कौतुकाने काजूगर घातलाय. चावले, दाढ हलली, आणि हातावर घेऊन बघतात तर माझा कान.

तांदळात कान कोण ठेवता गो, असं हे ओरडत होते म्हणे. मला नुसतं तोंड हलताना दिसलं. दिव्या रडून रडून बेजार आहे.

दुकानदार म्हणाला, जादा वॉरंटी असती तर शिजलेलं यंत्रसुद्धा बदलून दिलं असतं. दिव्याला जेमतेम पंधरा दिवस राहिलेत. तुला बोल लावत नाही, पण मन सुन्न झालंय.

ताई

ठाणे, ८ ऑगस्ट

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सोबतच्या पार्सलात यंत्र आहे, ते माझं. दोन वर्षं कानामागे केसांत लपवून वावरतोय, तुलाही कळू दिलं नाही. त्याची जादा वॉरंटी मी पहिल्याच दिवशी घेतली होती. स्वतःसाठी घेतली आणि तुला शहाणपण शिकवलं, याची फार लाज वाटते. दुकानदार ते तुझ्या कानाला जुळवून देईल.

तुझा अपराधी गुरुदास

विजयदुर्ग, २० ऑगस्ट

चि. गुरुदास यास पुष्कळ आशीर्वाद.

मुलगी झाली. तुझं यंत्र कानात घालून मी दाराबाहेर उभी होते. टाहो असा फुटला की दचकून भिंतीलाच टेकले. पोरीपेक्षा मीच मोठ्याने रडले, असं अनिश सांगतो.

नवं यंत्र मागवलंय, जादा वॉरंटीसकट. या वेळी तुला विचारलं नाही.

टाहो ऐकल्यावर एकदम मनात आलं, मला ऐकू यावं म्हणून तू तिकडे बहिरा होऊन बसलायस. अनिशने पोरीचं रडणं मोबाइलवर तुला पाठवलंय, पण ते आताच लावू नकोस. तुझं यंत्र उद्या टपालाने निघेल. ते कानात घातलंस की सगळ्यात आधी हिला ऐक.

माया आहे तशीच ठेव.

तुझी ताई