हिचं एकच वरीस

बाई,

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत. आपल्या राजेश्वर गावच्या शाळेत तुम्ही आम्हा मुलींना खो-खो शिकवलात. पोरींनी परकर खोचून मैदानात पळायचं म्हणजे काय, असं गाव विचारत होतं, तेव्हा तुम्ही घरोघर जाऊन आयांना समजावलंत. हे सगळं मला मान्य आहे. त्यासाठी मी लिहायला बसलेली नाही.

तुमची नजर फार तयार होती. शाळेसमोरच्या आडावर पाणी भरायला आलेल्या पोरी तुम्ही व्हरांड्यातून बघत राहायचात. भरली घागर घेऊन वळताना कुणाचा घोटा डगमगतो, कुणाचा नाही. "ही दोन वरसांनी पळंल बघ. ती उंच होईल, पण दम न्हाई तिच्यात." भालकीचे, हुमनाबादचे मास्तर तुमच्याकडे सल्ल्याला यायचे: नवी कोणती पोर घ्यावी, जुनी कोणती सोडावी, कुणाच्या बदल्यात कोण मागावी. कुणी मावशीकडे, कुणी आत्याकडे शिकायला जायची आणि तिथल्या शाळेकडून खेळायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट तुमच्या तोंडून आपल्याबद्दल एखादं वाक्य निघावं म्हणून आम्ही जीव टाकायचो. मला तुम्ही म्हणाला होतात, "अव्वा, तुझ्यासारखं वळणारं मी कुणी बघितलं न्हाई." ते ऐकून मी घरी गेले आणि भाकरी जाळली.

मग तो दिवस. नौबादचे मास्तर आलेले. मी चहाच्या कपबश्या घेऊन दाराशी उभी आहे आणि तुम्हाला ते ठाऊक नाही. मास्तर म्हणतात, "यंदा बीदरला जिंकायचं हाय, बाई. मला तयार गडी पाहिजे. माझ्याकडं एक बारकी पोर हाय, तिचा बाप तुमच्याच गावात बदलून यायलाय. ती तुम्हाला राहू द्या. तुमची ती वळणारी मला द्या."

तुम्ही विचारही केला नाहीत. "न्या. हिचं एकच वरीस ऱ्हायलंय, मग लगीन. ती बारकी पाच-सहा वरसं खेळंल."

लग्नाचं मी मनावर घेतलं नाही, सगळ्याच पोरींबद्दल तसं बोलतात. मी चहा दिला. मास्तरांनी माझ्या पायांकडे बघितलं. बैलबाजारात बघतात तसं.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, "बाई, मला कामून धाडायलाव?" तुम्ही चुन्याची फक्की मारलेली रेघ बघत होतात. वर न बघता म्हणालात, "मी आजचं बघत न्हाई, अव्वा. म्होरचं बघते." एवढंच. नौबादला माझी मावशी होती, त्यामुळे अप्पांनीही लगेच होकार भरला.

बीदरच्या मैदानावर मी आपल्याच शाळेविरुद्ध खेळले. तुमची ती बारकी चांगली होती, खोटं कशाला बोलू. खांबाजवळ तिनं मला दोनदा चकवलं. तिसऱ्यांदा मी तिला पाठीवर थाप मारून बाद केलं, जरा जोरातच. ती रडायला लागली. तुम्ही तिला जवळ घेतलंत आणि मी हातभर अंतरावर असताना म्हणालात, "रडू नको. पुढच्या वरसाला ही नसंल. तू असशील." आम्ही जिंकलो. मास्तरांनी पेढे वाटले. माझा पेढा मी मावशीच्या शेळीला घातला.

वैशाखात माझं लग्न झालं. शाळा सुटली ती सुटली. लग्नाला तुम्ही आलात, अक्षता टाकल्यात, आणि मला म्हणालात, "पाय जप." कशासाठी, बाई? भालकीला सासरच्या दुकानामागच्या घरात पोती मोजताना वळायला? आणि तुमची ती पाच-सहा वर्षं खेळणारी पोर! वर्ष उलटायच्या आत तिच्या बापाची गुलबर्ग्याला बदली झाली. हे कानावर आलं तेव्हा मी चुलीपुढे एकटीच हसले, आणि सासूबाईंनी विचारलं, "काय झालं ग हसायला?"

इतकी वर्षं मला वाटायचं, तुमच्या त्या एका वाक्यानं माझं लग्न लावलं. बाईंनाच पोर नको, तर शाळेत कशाला ठेवायची, असं अप्पांना वाटलं असणार. मागच्या महिन्यात माझी माय माझ्याकडे आली होती. तुरीच्या शेंगा सोलता सोलता सहज म्हणाली, "तुझ्या त्या बाई आल्त्या की गं घरला. त्या नौबादवाल्याच्या आधी. अप्पाच्या हातापाया पडल्या, पोरीला दोन वरसं खेळू द्या म्हणून. अप्पा म्हणले, सोयरीक झाली, शब्द दिलाय."

"मग मला कामून न्हाई सांगितलंव?"

"तुला काय सांगायचं त्यात?" माय म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली.

माझा राग आता तरी उतरायला हवा होता. तो वाढला. तुम्हाला ठाऊक होतं, अप्पांना ठाऊक होतं, मायला ठाऊक होतं. नौबादच्या परक्या मास्तरालासुद्धा तुम्ही चहाआधी सांगून टाकलंत. माझं पुढचं सगळ्या जगाला माहीत होतं, आणि जिचे पाय होते तिला कुणी बोलावून सांगितलं नाही. अप्पांकडून मी ती अपेक्षा केली नसती. तुमच्याकडून केली होती. तुम्ही तेवढं एक वाक्य माझ्या तोंडावर बोलायला हवं होतंत.

हा कागद कुठे जायचा नाही, तेव्हा एक सांगून टाकते. तुम्ही सांगितलं असतंत तरी मी लग्न मोडलं नसतं, पळूनही गेले नसते. एवढी धमक माझ्यात नव्हती. पण नौबादला निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही आपल्या मैदानावर डाव मांडलात, पोरी हाका मारत होत्या, आणि मी पाय दुखतोय म्हणून लिंबाखाली बसून राहिले. पाय दुखत नव्हता, बाई. मी रुसले होते. मला वाटलं होतं, स्पर्धा झाली की परत येईन, मग खेळेन.