माळावर वाचलेली नोटीस

आप्पा, यंदा दसऱ्याला बिरोबाच्या माळावर नोटीस मोठ्यानं वाचली गेली. स्पीकर वगैरे काही नाही, तुम्ही बोलायचात तशीच, देवळाच्या पायरीवर उभं राहून. वाचणारा धर्मादाय खात्याचा माणूस होता आणि ऐकणारे आपलेच सगळे, कोकणात मेंढरं न्यायच्या आधी जमलेले. नोटीस कसली, तर देवळामागच्या खोलीचे पत्रे बदलायचेत, कुणाची हरकत आहे का. हरकत कुणाचीच नव्हती. पण माझा चेहरा असा काही फुलला असणार की चुलती म्हणाली, "पत्र्याचं येवढं काय गं तुला?" तिला काय सांगणार? म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे.

तो हिवाळा आठवतो ना? तुमच्या गुडघ्यानं दगा दिला आणि जन्मात पहिल्यांदा तुम्ही कळपाबरोबर गेला नाहीत. मी दौंडच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते. देवळाच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला, तो वाचून आले आणि चुलीपुढं तुम्हाला सांगते आहे: ट्रस्टच्या विश्वस्तांना देवाचा माळ गोडाऊनवाल्याला विकायचा आहे, हरकत असेल त्यानं मुदतीत लेखी कळवावं. आई थापलेली भाकरी हातातच धरून बसली आहे. माळ गेला तर कोकणातून परतल्यावर मेंढरं बसवायची कुठं, आणि पाणी कुठलं पाजायचं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तुम्ही मात्र शांत. "ह्ये माळावर कुनी बोललं का?" मी म्हणते, नाही. "देवाम्होरं बोलले न्हाईत, मग ती नोटीस कशी? जे बोललंच न्हाई त्येला हरकत कशाची घ्यायची? जेव तू."

आम्ही दोघी मागं लागलो, अर्जावर अंगठा द्या म्हणून. तुम्ही ऐकलं नाही. आपल्यात दसऱ्याला पायरीवरून जो शब्द निघतो तोच खरा. कुणाचा कळप कुठल्या वाटेनं जाणार, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं भांडण मिटलं, सगळं तिथंच. कागदालाही तोच कायदा लागू असेल असं तुम्ही धरून चाललात. मुदत सरली. पावसाच्या तोंडावर माणसं परतली तेव्हा विक्रीला परवानगी मिळालेली होती, हरकत कुणाची नाही म्हणून. वडगावच्या चहाच्या टपरीवर तुमची टिंगल सुरू झाली. "आप्पाला नोटीस देवाम्होरं वाचून दावाया लागती," म्हणायचे आणि हसायचे. तुम्ही त्या रस्त्यानं जायचंच सोडलंत. पुढच्या दसऱ्याला पायरी होती, तुम्ही नव्हता. बाप गेल्याचं दुःख असतंच, पण हसं होऊन गेलात याचा मला फार राग होता. अजून आहे.

रागाला हातपाय फुटले की बरं असतं. खरेदीखत मोजणीत अडकलं होतं तोवर मी साऱ्या वाड्यांवर फिरले, अर्ज केला आणि पुण्याला धर्मादाय खात्यात गेले. तिथले साहेब भले होते. सगळं ऐकून म्हणाले, "ताई, पेपरात जाहिरात आणि दारावर नोटीस, एवढंच नियमात आहे. दोन्ही झालंय. नियमच अपुरा असेल तर मी काय करू? पण आमच्याही वर विधिमंडळाची समिती असते. तिकडं अर्ज करा."

केला. बरेच महिने गेले आणि एक दिवस मुंबईचं बोलावणं आलं. मी, काका आणि चुलतभाऊ दौंडला गाडीत बसलो. माझ्या मांडीवर तुमची काळी घोंगडी. भाऊ म्हणाला, "ममईला थंडी वाजती व्हय?" म्हटलं, विधानभवनात एसी असतो. "मग मेंढरूबी घिऊ की संगं," म्हणून तो कल्याणपर्यंत हसत होता.

समितीपुढं विश्वस्त आधी बोलले. कडक इस्त्री, गोड आवाज. आम्ही स्वतः नोटीस लावली, कुणी आलंच नाही. मग अध्यक्षांनी मला विचारलं. पाठ केलेलं सगळं विसरले, आप्पा. तुमचंच बोलणं तोंडात आलं, तेही आपल्या भाषेत. "साहेब, कळपाचं कुत्रं दुसऱ्याच्या हातची भाकर खात न्हाई. आमी खाऊ देत न्हाई. ज्याला मेंढरू न्यायचंय त्यानंच कुत्र्याला भाकर टाकली, तर ते भुंकंल कशाला? हितं माळ इकनाऱ्यानंच नोटीस लावली, आमी कोकनात असताना लावली, आन् कुनी आलं न्हाई ह्येबी त्योच सांगतोय."

मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे कुत्रं कोण, आमचं खातं?" मी म्हटलं, "व्हय साहेब. राखनीचं." खात्याचे साहेब तोंडावर रुमाल धरून हसायला लागले आणि मग सगळेच हसले. विश्वस्त तेवढे हसले नाहीत.

परवानगी रद्द झाली. माळ राहिला, माळावरचं तळं राहिलं. आणि समितीनं वर आणखी एक शिफारस केली, ती साहेबांनी मला फोनवर वाचून दाखवली: या देवस्थानाची कुठलीही नोटीस लोक कळप घेऊन जाण्यापूर्वी दसऱ्याला माळावर वाचावी, आणि ती विश्वस्तांनी नाही, खात्याच्या माणसानं वाचावी. मी फोन ठेवला आणि तडक वडगावच्या टपरीवर गेले. चहा मागवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती शिफारस सांगितली. टपरीवाला पैसे घेईना. दुसरा कपही प्याले.

हे पत्र कुठं धाडणार नाही. तुमच्या न्यायानं जे माळावर बोललं नाही ते खरंच नव्हे, तेव्हा हे पुढच्या दसऱ्याला पायरीवर उभं राहून वाचायला हवं. पण ते काही माझ्यानं होणार नाही. वाचलं तर साऱ्या वाड्यांना कळेल की मुंबईला मला थंडी वाजत नव्हती. भीती वाटत होती, आप्पा, म्हणून घोंगडी नेली होती.