रिठ्याचं पाणी

आई, हुपरीतल्या त्या कारखान्यात तू रोजावर पैंजणं धुवायचीस, हे मी कोल्हापुरात शिकताना कुणालाच सांगितलं नव्हतं. "घरी चांदीचं काम आहे," एवढंच म्हणायचे. मैत्रिणींनी आमचा कारखाना आहे असं गृहीत धरलं आणि मी ते धरू दिलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. रासायनिक अभियांत्रिकीत पीएच.डी. करत होते. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक असे चांदीचे कण पाण्यात तयार करायचे आणि ते गाळणीवर बसवायचे, म्हणजे पिण्याच्या पाण्यातले जंतू मरतील, असं माझं काम. कण सुटे राहिले की पाणी पिवळंधमक दिसतं. माझे राहायचेच नाहीत. सकाळी प्रयोगशाळेत यावं तर रात्रीत एकमेकांना चिकटून राखाडी गाळ तळाशी बसलेला. सहा महिने हेच. एका रविवारी घरी आले तर तू नव्हतीस, म्हणून कारखान्यात आले. कोपरापर्यंत फेसात हात घालून तू पितळी ब्रशानं पैंजण घासते आहेस. वर न बघताच विचारतेस, "तोंड का गं उतरलंय?" मी वैतागून सगळं सांगते. तू म्हणतेस, "मग रिठ्याचं पाणी घालून बघ की. आमच्यात चांदीची धूळ ह्या पाण्यात दिसभर तरंगतीया. खाली बसंना म्हणून मालक रोज खेकसतोय." मी हसले. "अगं, तिथं असलं काही चालत नाही." निघताना तू ओच्यातले मूठभर रिठे माझ्या पिशवीत टाकलेस. "न्हाय चाललं तर केस धू."

पुढचे दोन आठवडे पुस्तकातले सगळे उपाय फसले. मग कुणी नसताना मी रिठे उकळले, पाणी गाळलं आणि कणांच्या एका नव्या भांड्यात घातलं. आठ दिवसांनीही ते पाणी पिवळंच होतं. माझे मार्गदर्शक सर भांडं उजेडात धरून बघत राहिले. "हे कुठून सुचलं तुला?" सगळे भोवती उभे होते. तुझं नाव घ्यायचं तर फेसातले ते हातही सांगावे लागले असते. मी म्हणाले, "असंच सुचलं, सर." त्यांनी पाठ थोपटली. तो दिवस मी आनंदात घालवला, हेही खरं आहे.

प्रबंध बांधून झाल्यावर मी तो तुला दाखवायला आणला. पदराला हात पुसून तू तो मांडीवर घेतलास आणि विचारलंस, "ह्यात माझं काय लिवलंईस?" आभाराचं पान मी मराठीत सांगितलं: सरांचे आभार, विभागाचे, मैत्रिणींचे, आणि शेवटी 'आईच्या आशीर्वादामुळे'. तू म्हणालीस, "आशीर्वाद मी कवा दिला? मी रिठं दिलं की." मग हसलीस आणि चहा टाकायला उठलीस. बदलून घेते, एवढंसुद्धा मला म्हणता आलं नाही. पुढच्याच वर्षी तू गेलीस.

आता मी शिकवते. मागच्या महिन्यात वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, चांदीच्या कणांना रिठा वापरायचं पहिल्यांदा कुणाला सुचलं?" इतकी वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते, असं वाटलं. "हुपरीत चांदी धुणाऱ्या बायकांना," मी म्हणाले. तिनं ते वहीत लिहून घेतलं. घरी आल्यावर हे पत्र लिहायला घेतलं, ते उद्या त्याच वर्गात वाचून दाखवायचं म्हणून. पण नाही दाखवणार. बायका म्हणताना मला जड गेलं नाही, आई. माझी आई म्हणायला अजून जड जातं.